दोन संगणक यूएसबीमार्फत सिरियल पद्धतीने जोडायचे आहेत: केबल कोणती, अडॅप्टर कोणते?

प्रश्न

माझ्याकडे लिनक्सवर चालणारे दोन संगणक आहेत. एक डेस्कटॉप असून तो मॉनिटर आणि कीबोर्डाविना सर्व्हर म्हणून अखंड चालू असतो. दुसरा लॅपटॉप आहे. सर्व्हरची नेटवर्क जोडणी अधूनमधून अचानक बंद पडते आणि तसे झाले की आत काय घडते आहे हे पाहण्याचा मार्गच उरत नाही, कारण माझे त्यावरचे सगळे काम एसएसएचमधून, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, चालते. म्हणून नेटवर्कवर अजिबात अवलंबून नसलेली एक साधी सिरियल (एकामागून एक बिट पाठवणारी) जोडणी या दोन यंत्रांमध्ये कायमची करून ठेवावी, असे मनात आहे. नऊ पिनांचे जुने सिरियल पोर्ट दोन्हींपैकी कुठेही बाहेर दिसत नाहीत. यूएसबी पोर्ट मात्र दोन्हीकडे मोकळे आहेत.

दोन्ही टोकांना चपटा, ए प्रकारचा प्लग असलेली यूएसबी केबल माझ्या पाहण्यात आली आहे. ती थेट दोन्ही संगणकांत लावली तर सिरियल पोर्ट तयार होईल का, हा माझा पहिला प्रश्न. तसे होणार नसेल तर नेमके काय घ्यावे? जोडणी झाल्यावर लॅपटॉपवरून सर्व्हरवर लॉगिन कसे करायचे, कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश तेथे दिसतील का आणि सुमारे ३०० मेगाबाइटच्या नोंदींच्या फायली त्याच वायरीवरून आणता येतील का, हेही जाणून घ्यायचे आहे.

उत्तर १

ती केबल कृपया लावू नका. त्यातून सिरियल पोर्ट तर मिळणार नाहीच, उलट पोर्टाला इजा होण्याची शक्यता आहे.

यूएसबीची रचना मुळापासून असमान आहे. एक बाजू होस्ट असते, दुसरी डिव्हाइस. संवाद कधी सुरू करायचा हे होस्ट ठरवतो आणि डिव्हाइस विचारल्यावरच उत्तर देते. तुमचे दोन्ही संगणक होस्ट आहेत. होस्टच्या पोर्टात दोन्ही डेटा वायरी १५ किलोओहमच्या रोधकांनी ग्राउंडकडे ओढून ठेवलेल्या असतात, तर डिव्हाइस आपल्या १.५ किलोओहमच्या रोधकाने त्यांपैकी एक वायर वर खेचते आणि त्या खेचण्यावरूनच काहीतरी जोडले गेले हे होस्टला कळते. दोन होस्ट समोरासमोर आले की वायर वर खेचणारे कोणीच नसते, त्यामुळे दोघांनाही समोर कोणी असल्याचा पत्ता लागत नाही. याच केबलमधून दोन्ही संगणकांचे ५ व्होल्टचे पुरवठे मात्र एकमेकांना थेट भिडतात. ते तंतोतंत समान कधीच नसतात, आणि एक संगणक बंद असताना दुसरा त्याला मागच्या दाराने वीज देऊ लागतो. कोणताही पोर्ट अशा वापरासाठी बनवलेला नसतो.

म्हणून खरी सिरियल वायर यूएसबीच्या पलीकडे घालावी लागते. प्रत्येक संगणकाला एक यूएसबी-सिरियल अडॅप्टर लावायचा, म्हणजे प्रत्येक होस्टला आपापले डिव्हाइस मिळते; आणि मग त्या दोन अडॅप्टरांच्या सिरियल बाजू एकमेकींना जोडायच्या. एका अडॅप्टरची पाठवणारी पिन, म्हणजे टीएक्स, दुसऱ्याच्या घेणाऱ्या पिनेला, म्हणजे आरएक्सला. दुसऱ्याची टीएक्स पहिल्याच्या आरएक्सला. आणि ग्राउंड ग्राउंडला. एवढ्या तीन वायरींवर काम भागते. आधी ग्राउंड जोडावे आणि मग बाकीच्या दोन, कारण लॅपटॉपच्या आणि सर्व्हरच्या वीजपुरवठ्यांच्या ग्राउंडमध्ये फरक असला तर तो सिग्नलच्या पिनांतून वाट काढता कामा नये. दोन्ही यंत्रे दूर असतील किंवा वेगवेगळ्या वीजमार्गांवर असतील, तर विद्युत विलगीकरण असलेला अडॅप्टर घेणे अधिक सुरक्षित ठरते.

अडॅप्टर निवडताना व्होल्टेजचा विचार काटेकोरपणे करा, कारण बहुतेकांची गल्लत इथेच होते. एका प्रकारच्या अडॅप्टरांवर उघड्या पिना असतात आणि ते ३.३ किंवा ५ व्होल्टवर चालतात; त्यांना टीटीएल पातळीचे म्हणतात. दुसऱ्या प्रकाराच्या टोकाला नऊ पिनांचा कनेक्टर असतो आणि तो आरएस-२३२ या मानकाप्रमाणे चालतो. तेथे तर्क १ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि तर्क ० म्हणजे अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट. म्हणजे पातळीही वेगळी आणि दिशाही उलटी. एका बाजूला टीटीएल आणि दुसऱ्या बाजूला आरएस-२३२ अशी जोडणी केल्यास अक्षरे तर विकृत येतातच, शिवाय टीटीएल चिप जळू शकते. दोन्हीकडे एकाच प्रकारचे अडॅप्टर घ्या. टीटीएल घेतलेत तर व्होल्टेज निवडणारा जंपर दोन्हींवर सारखा ठेवा आणि ३.३ किंवा ५ व्होल्ट देणारी वीजपुरवठ्याची पिन मोकळी सोडा. दोन्ही अडॅप्टरांना आपापल्या यूएसबीतून वीज मिळतच असते. आरएस-२३२ घेतलेत तर मधली केबल नल मोडेम प्रकारची हवी, जिच्यात पिन २ आणि ३ एकमेकींना उलट जोडलेल्या असतात. साधी सरळ केबल इथे उपयोगाची नाही.

लांबीचाही विचार करा. टीटीएल वायरी हातभर अंतरापुरत्याच चांगल्या. यंत्रे दोन खोल्यांत असतील तर आरएस-२३२ निवडा, कारण ते १५ मीटरपर्यंत बिनतक्रार चालते, आणि वेग उतरवला तर त्याच्याही पुढे जाते.

एफटीडीआयची एफटी२३२आर, सिलिकॉन लॅब्जची सीपी२१०२, डब्ल्यूसीएचची सीएच३४० आणि प्रॉलिफिकची पीएल२३०३ या चारही चिपांचे ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच असतात. वेगळे काही टाकावे लागत नाही. माझा कल एफटी२३२आरकडे आहे, कारण तिच्यात प्रत्येक नगाचा स्वतंत्र अनुक्रमांक असतो आणि त्यामुळे डेव्ह निर्देशिकेतल्या सिरियल विभागात, बाय-आयडीखाली, त्या नगाचे कायम टिकणारे नाव मिळते. साध्या सीएच३४०मध्ये असा अनुक्रमांक नसतो. लिनक्स अडॅप्टरच्या पोर्टाला देते ते टीटीवाययूएसबी० हे नाव संगणक पुन्हा सुरू झाल्यावर दुसऱ्याच अडॅप्टरकडे जाऊ शकते, म्हणून कायमच्या मांडणीत त्या नावावर विसंबू नये.

जोडण्यापूर्वी प्रत्येक अडॅप्टर एकेकटा तपासा. त्याच्याच टीएक्स आणि आरएक्स पिना एका वायरीने जोडा, टर्मिनल प्रोग्राम उघडा आणि टंकन करा. टाइप केलेली अक्षरे परत येऊन पडद्यावर दिसली, तर ड्रायव्हर, चिप आणि परवानग्या या तिन्ही गोष्टी ठीक आहेत, आणि पुढे काही बिघडलेच तर दोष दोन अडॅप्टरांमधल्या वायरींत शोधायचा.

उत्तर २

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. लॉगिन आणि फायली या दोन प्रश्नांबद्दल लिहितो.

लॉगिनसाठी सर्व्हरवर गेटी, म्हणजे पोर्टावर लॉगिनची विचारणा करणारा प्रोग्राम, चालवावी लागते. सिस्टमडी (पार्श्वभूमीतल्या सेवा सांभाळणारी व्यवस्था) असलेल्या कोणत्याही लिनक्स वितरणात सिरियल-गेटी नावाची तयार सेवा असते. तिच्या नावापुढे पोर्टाचे नाव जोडून ती सक्षम करा आणि सुरू करा, म्हणजे त्या पोर्टावर लॉगिनची विचारणा येऊ लागते. लॅपटॉपवर गेटी चालवू नका, तेथे फक्त पिकोकॉम, मिनिकॉम किंवा स्क्रीन यांपैकी एक टर्मिनल प्रोग्राम हवा. दोन्ही टोकांना गेटी चालू राहिली तर एकीचा लॉगिनचा मजकूर दुसरी वापरकर्त्याचे नाव म्हणून वाचते, मग पासवर्ड मागते, तो मजकूर पहिली वाचते, आणि हा प्रकार नोंदी भरत अखंड चालू राहतो.

दोन्हीकडे मांडणी एकच असावी: वेग ११५२००, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. तीनच वायरी वापरणार असाल तर हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे वेगळ्या वायरींवरून थांबा-पाठवा असे सांगण्याची सोय, दोन्हीकडे बंद हवा. मिनिकॉममध्ये तो मुळात चालू असतो. समोरून सीटीएस पिनेवर होकार येण्याची तो वाट पाहत बसतो आणि एकही अक्षर बाहेर सोडत नाही. वायरी बरोबर असूनही सगळे निपचित वाटले तर सर्वांत आधी ही मांडणी पाहा.

आता फायली. प्रत्येक बाइटाबरोबर एक स्टार्ट बिट आणि एक स्टॉप बिट जातो, म्हणजे एका बाइटाला १० बिट लागतात. त्यामुळे ११५२०० या वेगाने सेकंदाला जास्तीत जास्त ११,५२० बाइट जातात. ३०० मेगाबाइटला सात तासांहून अधिक वेळ लागेल. एफटी२३२आर सेकंदाला ३० लाख बिटांपर्यंत चालते आणि त्या वेगाने हेच काम सुमारे १७ मिनिटांचे होते, पण तेथे फ्लो कंट्रोलच्या आरटीएस आणि सीटीएस वायरीही उलटसुलट जोडायला हव्यात, नाहीतर बाइट गळू लागतात. फायलींसाठी सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल टाळा, कारण त्याची थांबा आणि चालू करा ही चिन्हे फायलीच्या मजकुरातच बाइट म्हणून येऊ शकतात.

मला विचाराल तर ३०० मेगाबाइट आणूच नका. जर्नलमधून, म्हणजे सिस्टमडीच्या नोंदसंग्रहातून, बिघाडाच्या आगेमागेचा अर्धा तास वेगळा काढा, तो दाबून लहान करा आणि झेडमोडेम या सिरियल वायरीवरून फाइल पाठवण्याच्या पद्धतीने पाठवा. दोन्हीकडे एलआरझेडएसझेड हे पॅकेज असले की पिकोकॉममधून फाइल थेट घेता येते. नोंदींसारखा पुनरुक्तीने भरलेला मजकूर दाबल्यावर खूपच आक्रसतो.

प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. यंत्रे एकमेकांशेजारीच असल्यामुळे एफटी२३२आरवर आधारित दोन टीटीएल अडॅप्टर घेतले आणि जंपर दोन्हींवर ३.३ व्होल्टवर ठेवले. टीएक्स आणि आरएक्स जोडून केलेली चाचणी सर्व्हरवर लगेच यशस्वी झाली. लॅपटॉपवर मात्र पोर्ट उघडताना परवानगी नाकारली जाते. रूट म्हणून उघडल्यास चालते.

गेटी सुरू करण्यापूर्वी दोन्हीकडे पिकोकॉम उघडून पाहिले. एकीकडे टाइप केलेले दुसरीकडे उमटते, पण ज्या यंत्रावर टाइप करतो तेथे काहीच दिसत नाही. शिवाय एंटर दाबले की समोरच्या पडद्यावर नवी ओळ सुरू होण्याऐवजी कर्सर त्याच ओळीच्या आरंभी जातो आणि जुन्या अक्षरांवर नवी उमटतात. हा जोडणीतला दोष समजावा का? आणि कर्नलच्या संदेशांचे काय करावे?

उत्तर २

जोडणी निर्दोष आहे. टाइप केलेले अक्षर स्वतःच्या पडद्यावर दिसते ते समोरच्या यंत्राने ते परत पाठवल्यामुळे. दोन्हीकडे नुसते टर्मिनल प्रोग्राम असतील तर परत पाठवणारे कोणी नसते. एंटरचेही तसेच आहे: त्या कळीने फक्त ओळीच्या आरंभी जाण्याचे चिन्ह जाते, नव्या ओळीचे चिन्ह कर्नलमधली टीटीवायची, म्हणजे टर्मिनल सांभाळणारी, व्यवस्था जोडते. सर्व्हरवर गेटी सुरू होताच ही दोन्ही कामे तिकडच्या कर्नलकडे जातील आणि दोन्ही लक्षणे नाहीशी होतील.

परवानगीसाठी आपले खाते डेबियन आणि उबुंटूमध्ये डायलआउट गटात घाला, आर्चमध्ये त्या गटाचे नाव यूयूसीपी आहे. गट बदलल्यावर एकदा लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावे लागते, त्याशिवाय बदल लागू होत नाही. सीएच३४० वापरणाऱ्या वाचकांसाठी एक जोड देतो: उबुंटू २२.०४मध्ये ब्रेल पडद्यांसाठी असलेली बीआरएलटीटीवाय ही सेवा त्या चिपेला ब्रेल यंत्र समजून पोर्ट बळकावते, आणि टीटीवाययूएसबी० क्षणभर दिसून नाहीसे होते. ब्रेल पडदा वापरात नसेल तर ते पॅकेज काढून टाकल्यास पोर्ट टिकतो.

उत्तर ३

कर्नलच्या संदेशांबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते, कारण यूएसबी-सिरियलची खरी मर्यादा तेथेच उघड होते.

कर्नलला त्याचे संदेश यूएसबी-सिरियलवर पाठवायला सांगता येते, परंतु त्यासाठी यूएसबी-सिरियलचा भाग कर्नलमध्येच बांधलेला असावा लागतो. मॉड्यूल म्हणून, म्हणजे नंतर वेगळा, चढवलेला चालत नाही. तसा असला तरी यूएसबी नियंत्रक जागा होऊन अडॅप्टर ओळखला जाईपर्यंतचा काळ हातातून निसटलेला असतो. त्याहून मोठी अडचण शेवटच्या क्षणाची आहे. एक अक्षर बाहेर पडण्यासाठी यूएसबीचे संपूर्ण यंत्रणाजाल, इंटरप्टांसकट, धडधाकट चालू असावे लागते, आणि कर्नल कोसळतो तेव्हा नेमके तेच उरलेले नसते. कोसळण्याचे कारण सांगणाऱ्या ओळी त्यामुळे बहुधा वायरीपर्यंत पोहोचतच नाहीत.

तुमच्या वर्णनावरून सर्व्हर कोसळत नाही, फक्त नेटवर्क जाते. तसे असेल तर कर्नल कन्सोलच्या, म्हणजे कर्नल आपले संदेश थेट जेथे लिहितो त्या पोर्टाच्या, वाटेला जाण्याचीच गरज नाही. जर्नल सांभाळणाऱ्या जर्नलडी या सेवेच्या मांडणीत नोंदी कन्सोलकडे पाठवण्याचा पर्याय चालू करा आणि टीटीवाय मार्ग म्हणून आपल्या अडॅप्टरचे बाय-आयडी नाव द्या; नेटवर्क सेवांचे संदेश लॅपटॉपवर आपोआप येऊ लागतील. लॅपटॉपवरचा टर्मिनल प्रोग्राम ते फाइलीत साठवत राहिला म्हणजे झाले. हे संदेश आणि गेटी एकाच पोर्टावर ठेवल्यास लॉगिनच्या मजकुरात नोंदी घुसतात, तेव्हा त्या दोहोंपैकी एकच निवडा, किंवा लॉगिन करून जर्नल तेथेच वाहते ठेवा.

संपूर्ण यंत्रच थिजत असल्याचे निघाले तर मात्र खरा सिरियल पोर्ट हवा. डेस्कटॉपचे झाकण उघडून मदरबोर्डाच्या कडेला पाहा. बाहेर कनेक्टर नसला तरी अनेक बोर्डांवर कॉम असे लिहिलेली, दोन रांगांत नऊ पिना असलेली जागा असते. तेथे रिबन केबलचा ब्रॅकेट लावला की टीटीवायएस० हा पोर्ट मिळतो. कर्नल त्यावर सुरुवातीपासून लिहू शकतो आणि कोसळतानाही लिहितो, कारण अक्षर बाहेर टाकण्यासाठी त्याला चिपेच्या नोंदकोशांत थेट लिहिण्यापलीकडे काहीही लागत नाही. बूट करताना कर्नलला कन्सोल म्हणून टीटीवायएस० आणि वेग ११५२०० द्यावा. ब्रॅकेट घेताना रिबनची पिनमांडणी मदरबोर्डाच्या पुस्तिकेशी ताडून पाहा; बाजारात दोन वेगळ्या मांडण्या आहेत, दिसायला अगदी सारख्या.

उत्तर ४

जिज्ञासूंसाठी थोडी भर. पहिल्या उत्तरातला ए ते ए केबलविरुद्धचा इशारा योग्यच आहे, पण त्याला एक नेमका अपवाद आहे. यूएसबी ३चे पोर्ट चालवणाऱ्या एक्सएचसीआय नियंत्रकांत डीबग क्षमता नावाची सोय असू शकते. ती चालू केली की तो पोर्ट होस्ट न राहता समोरच्या संगणकाला डिव्हाइससारखा दिसतो. लिनक्समध्ये ४.१६ या आवृत्तीपासून त्यावर टीटीवायडीबीसी० हा सिरियल पोर्ट मिळतो आणि समोर नेहमीचा टीटीवाययूएसबी० उमटतो. अडॅप्टर एकही लागत नाही. केबल मात्र खास डीबगसाठी बनवलेली घ्यावी लागते, जिच्यात ५ व्होल्टची आणि यूएसबी २च्या डेटाची वायर जोडलेलीच नसते. सर्वसाधारण ए ते ए केबल इथेही नको.

दोहोंपैकी एक यंत्र रास्पबेरी पाय झिरो असते तर याहून सोपे होते. त्याचा यूएसबी पोर्ट डिव्हाइसची भूमिका घेऊ शकतो, जी-सिरियल हे मॉड्यूल चढवले की साध्या यूएसबी केबलवरून समोर टीटीवायएसीएम० दिसतो. सामान्य डेस्कटॉपांचे पोर्ट ही भूमिका घेत नाहीत.

प्रश्नकर्ता

परवानगीचा प्रश्न सुटला, गेटी चालू आहे आणि लॅपटॉपवरून लॉगिन होते. जर्नल तेथेच वाहते ठेवले आहे. झाकण उघडून पाहिले तेव्हा मदरबोर्डावर कॉमची जागाही सापडली. ब्रॅकेट आणण्यापूर्वी एवढेच विचारतो, की लॅपटॉपकडचा हाच टीटीएल अडॅप्टर त्या पिनांना थेट जोडता येईल का?

उत्तर १

नाही, कृपया तसे करू नका. मदरबोर्डावरच्या त्या पिना दिसायला अडॅप्टरच्या पिनांसारख्या असल्या, तरी त्यांवर सहसा आरएस-२३२ पातळी असते. चिपेचे सिग्नल बोर्डावरच रूपांतरित होऊन तेथे येतात. मल्टिमीटर असेल तर सर्व्हर चालू असताना ग्राउंड आणि टीएक्स यांमधले व्होल्टेज मोजा. काहीही पाठवले जात नसताना तेथे उणे ५ ते उणे १२ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला, तर ती पातळी आरएस-२३२ची आहे.

लॅपटॉपसाठी नऊ पिनांचा कनेक्टर असलेला यूएसबी ते आरएस-२३२ अडॅप्टर घ्या आणि तो व ब्रॅकेट यांच्यामध्ये नल मोडेम केबल लावा. अडॅप्टरवर पिनांचा म्हणजे नर कनेक्टर असतो आणि ब्रॅकेटवरही तसाच, म्हणून केबलची दोन्ही टोके मादी हवीत. केबलच्या एका टोकाच्या पिन २पासून दुसऱ्या टोकाच्या पिन ३पर्यंत आणि पिन ५पासून पिन ५पर्यंत मल्टिमीटरने सातत्य तपासून मगच ती लावा, कारण सरळ आणि नल मोडेम केबल बाहेरून ओळखू येत नाहीत. हातात असलेले दोन्ही टीटीएल अडॅप्टर लॉगिनसाठी जसे आहेत तसेच राहू द्या. टीटीवायएस० फक्त कर्नलच्या संदेशांना दिला म्हणजे गेटी आणि नोंदी एकाच पोर्टावर येण्याचा प्रश्न उरत नाही.